एकाहत्तर गुणांचा माणूस

माणूस सुधारू शकतो, हे शासनाने तत्त्वतः मान्य केलेले आहे. मात्र तो नेमका किती सुधारला हे न मोजता त्याला सोडून देणे म्हणजे वीट भाजली की नाही हे न बघताच ती भिंतीत बसवणे, असे पुनर्वसन नियमावलीच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. (नियमावली दोनशे चौदा पानांची आहे. प्रस्तावना सर्वांनी वाचलेली आहे.)

ज्या इमारतीत ही हकिगत घडली तिला पूर्वी तुरुंग म्हणत. आता सुधारगृह म्हणतात. पाटी बदलायला एक दिवस लागला, आणि सुधारणा त्या दिवसापासून सुरू झाली असे धरले जाते. कोठडीचा निवासकक्ष झाला, कैद्याचा निवासी झाला, शिक्षेचा मुक्काम झाला आणि पहारेकऱ्याचा मार्गदर्शक झाला. दंडुक्याला नवा शब्द सुचला नाही, म्हणून त्याचा उल्लेख टाळतात.

सुधारणा मोजण्याचे काम एक बाई करीत. पद 'सुधारणा मापन अधिकारी, वर्ग दोन' असे होते. पण गुण देतात म्हणून तीनशे बारा निवासी त्यांना गुणबाई म्हणत, आणि हळूहळू अधीक्षकही म्हणू लागले. बाईंची खोली भांडारघराला लागून होती. खिडकीतून दोरीवर वाळत घातलेल्या घोंगड्या दिसत. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली एका कोऱ्या पत्रकाची घडी सारलेली होती, आणि बाईंच्या अकरा वर्षांच्या नोकरीत जितका आधार त्या पत्रकाने दिला तितका भरलेल्या एकाही पत्रकाने दिला नव्हता.

पत्रकात चाळीस प्रश्न होते. 'गेल्या सात दिवसांत आपण खोटे बोललात काय? असल्यास किती वेळा, कोणाशी?' 'मनात नसलेले कौतुक केलेत काय?' 'स्वतःच्या चुकीचा दोष दुसऱ्यावर ढकललात काय?' 'कोणाची वस्तू परत करायची राहून गेली आहे काय? राहून गेली, की ठेवून घेतली?' निवाशाने उत्तर द्यायचे आणि बाईंनी त्याचा पडताळा घ्यायचा. खोटे बोललो म्हटले तर जितक्या वेळा बोलला तितके गुण जात. एकदाही बोललो नाही म्हटले तर सगळेच जात, कारण नियमावलीनुसार तसे होऊ शकत नाही.

शंभरापैकी पंचाहत्तर पडले की माणूस सुधारला. हा आकडा आला कुठून, असे काही खोडसाळ लोक विचारतात. तो सखोल विचारमंथनातून आला आहे. सात जणांच्या समितीत तिघे साठ म्हणत होते, तिघे नव्वद म्हणत होते, आणि सातव्या सदस्याला घरी पाहुणे यायचे होते. त्याने मधला आकडा काढला.

ही पद्धत इतकी चोख होती की अकरा वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. (तक्रार केल्यास पाच गुण वजा, असा नियम होता. त्याचा ह्याच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही.) घोडे अडले ते एकाच निवाशापाशी.

त्याला काटेवाला म्हणत. बाहेर असताना तो दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करी. दुरुस्त करता करता त्रेचाळीस काटे त्याने असे बसवून दिले होते की नऊशे चाळीस ग्रॅम कांदे ठेवले की काटा बिनदिक्कत एक किलो दाखवी. पकडला गेला तेव्हा त्रेचाळीसही दुकानदारांनी कोर्टात आश्चर्य व्यक्त केले. काट्यातले आम्हाला काय कळते, असे ते म्हणाले, आणि ते ग्राह्य धरण्यात आले. काटेवाल्याला चार वर्षांचा मुक्काम मिळाला. दोन वर्षे झाल्यावर पंचाहत्तर गुण पडले तर घरी जाता येणार होते.

दोन वर्षे आठ महिने झाले. तीन वेळा पत्रक भरून झाले. तिन्ही वेळा एकाहत्तर.

तो बाकीचे सगळे प्रश्न व्यवस्थित सोडवी. अडे सत्ताविसाव्यावर. 'केलेल्या गुन्ह्याबद्दल आपल्याला किती वाईट वाटते?' ह्याला चार गुण होते आणि अपेक्षित उत्तर 'अखंड' असे होते. काटेवाला जरा वेळ छताकडे बघे आणि सांगे, "सकाळी उठल्यावर बरंच वाटतं. कामाला लागलो की नाही वाटत. दुपारी जेवण झाल्यावर अगदीच थोडं. संध्याकाळी परत वाढतं."

"म्हणजे अखंड नाही," बाई म्हणत.

"नाही बाई. खंड पडतो."

बाई शून्य लिहीत. (अर्धवट पश्चात्तापाला दोन गुण द्यावेत असा प्रस्ताव एकदा आला होता. पण असा माणूस गुन्ह्याच्या नेमक्या कुठल्या अर्ध्या भागाबद्दल पस्तावला हे ठरवता येईना, म्हणून तो बारगळला.)

काटेवाल्याची बायको पिशव्यांना आणि दप्तरांना चेन बसवून देण्याचे काम करी. एक गुरुवार आड ती भेटीला येई. भेटीच्या खोलीत एक लांब टेबल होते, टेबलाच्या मध्यावर हातभर उंचीची जाळी होती, आणि कोपऱ्यात नियमानुसार गुणबाई वही घेऊन बसलेल्या असत, कारण निवासी घरच्यांशी काय बोलतो ह्यालाही गुण होते. बायको बाईंना जुमानत नसे.

"अहो, म्हणून टाका ना एकदा अखंड. तीन अक्षरं तर आहेत."

"म्हटलं असतं. पण तेवढं भरत नाही."

"काय भरत नाही?"

"वाईट वाटणं. अखंड म्हणण्याइतकं भरत नाही."

"त्रेचाळीस दुकानांत खोटा काटा बसवलात तेव्हा बरं भरत होतं सगळं."

"म्हणून तर आता नीट बघतो."

बायकोने जाळीवरून बाईंकडे पाहिले. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. खरे तर त्या नुसतीच रेघ ओढत होत्या, पण लिहिताना दिसणे हा कामाचा भाग होता.

चौथ्या वेळी पत्रक भरताना सत्ताविसाव्या प्रश्नापाशी आल्यावर काटेवाला म्हणाला, "बाई, रागावणार नसाल तर एक विचारतो."

"विचारा."

"ह्या कागदावर कधी खात्रीचं वजन ठेवून बघितलंय का?"

बाईंना कळले नाही. मग त्याने समजावून सांगितले. काटा बरोबर आहे की नाही हे नुसते काट्याकडे बघून कळत नाही. वजनमाप निरीक्षक येतो तेव्हा सोबत शिक्का मारलेले पितळी वजन आणतो. ते एक किलोचे आहे हे सगळ्यांना माहीत असते. ते ठेवल्यावर काट्याने एक किलो दाखवला तर काटा खरा. "तसं ह्या कागदावर एखादा खात्रीचा चांगला माणूस ठेवून बघितला का? बाहेरचा. कधी आत न आलेला. तो पंचाहत्तर भरतो का?"

अकरा वर्षांत बाईंना हे कोणी विचारले नव्हते. स्वतःलाही सुचले नव्हते, ह्याचे त्यांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहून राहून वाईट वाटले. (मध्ये खंड पडला, तो जेवणाच्या सुट्टीत.)

त्यांनी अधीक्षकांना टिपण पाठवले. अधीक्षकांना कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवसापासून ती त्यांचीच होती. वार्षिक अहवालातल्या 'नावीन्यपूर्ण उपक्रम' ह्या सदरात तीन वर्षे नव्या पडद्यांचा उल्लेख चालला होता, आणि पडदेही आता विटले होते. बारा 'प्रमाण नागरिक' निवडून त्यांच्याकडून पत्रक भरून घ्यावे, असा हुकूम निघाला. पात्रता अशी: पोलिसांत नोंद नसावी, चारचौघांत सज्जन म्हणून ओळख असावी, कामाच्या दिवशी दुपारी मोकळे सापडावेत.

बाईंनी सुरुवात घरापासून केली. त्यांच्या नवऱ्याचे चष्म्याचे दुकान होते आणि सज्जन म्हणून त्याची ओळख करून द्यायला बाई स्वतःच हजर होत्या. जेवणाच्या टेबलावर पत्रक पसरून त्यांनी विचारले, "गेल्या सात दिवसांत मनात नसलेलं कौतुक केलंत का?"

"कौतुक म्हणजे?"

"ही फ्रेम तुम्हाला शोभते, असं म्हणणं."

"ते धंद्यातलं झालं."

"धंद्यातलं सोडून असं पत्रकात नाही."

नवऱ्याने बोटे मोजली, मग दुसऱ्या हाताचीही मोजली. "घरातलं धरायचं का?"

"घरातलं काय?"

"काही नाही. धंद्यातलंच लिही."

नवऱ्याला छत्तीस पडले.

बाकीचे निकालही उत्साहवर्धक होते. शाळेच्या मुख्याध्यापिकांना चव्वेचाळीस. एका नामांकित डॉक्टरांना एकोणचाळीस. त्यांनी आठवड्यात बावीस वेळा 'पाच मिनिटांत पोचतो' असे सांगितले होते आणि ती पाच मिनिटे सरासरीने पन्नास भरली. एका निवृत्त न्यायाधीशांनी, ज्यांनी ह्याच इमारतीत शंभरेक माणसे धाडली होती, आधी पत्रकाच्या अधिकारक्षेत्रावर हरकत घेतली. ती फेटाळल्यावर ग्रंथालयाचे एकोणीस वर्षे घरी असलेले पुस्तक राहून गेले की ठेवून घेतले, ह्यावर त्यांनी निकाल राखून ठेवला. चाळीस. सर्वांत जास्त, म्हणजे अठ्ठावन्न गुण एका वृद्ध गृहस्थांना मिळाले. त्यांना ऐकू येत नसल्यामुळे गेल्या सात दिवसांत त्यांचा कोणाशीच फारसा संबंध आला नव्हता.

बारावा नागरिक ऐन वेळी गावाला गेला. (तो गावाला गेला नव्हता. त्याच्या खिडकीत दिवा होता.) तेव्हा बाईंनी बारावे पत्रक स्वतः भरले. चाळिसाव्या प्रश्नापर्यंत गेल्या, बेरीज केली, चव्वेचाळीस आले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचताना लक्षात आले की तीन ठिकाणी त्यांनी स्वतःला सांभाळून घेतले आहे. प्रत्येकी दोन वजा करून अडतीस लिहिले. नवऱ्यापेक्षा दोन जास्त होते, पण घरी सांगण्यासारखा हा विषय नव्हता.

बारा सज्जनांची सरासरी निघाली एकेचाळीस.

अहवाल समितीपुढे गेला. समितीची बैठक अधीक्षकांच्या दालनात भरली, विटलेल्या पडद्यांखाली. बाईंना कोपऱ्यातली खुर्ची होती. सुरुवातीला सर्वांनी सरासरी आपापल्या कागदावर पुन्हा काढून पाहिली. मग एका सदस्याने सुचवले की पंचाहत्तरची अट उतरवून एकेचाळीस करावी. अधीक्षकांनी तक्ता पाहिला. तीनशे बारांपैकी तीनशे चार निवासी एकेचाळीसच्या वर होते. उद्या सकाळी तीनशे चार जण घरी गेले तर उरलेल्या आठांना सुधारायला सेहेचाळीस मंजूर पदे हा अतिरेक दिसला असता.

दुसऱ्या सदस्याने उलट बाजूने विचार मांडला. जे बाहेर पंचाहत्तरच्या खाली आहेत त्यांना आत घ्यावे. ह्यात तर्काची चूक कोणाला काढता आली नाही, पण घोंगड्या कमी पडल्या असत्या.

तेव्हा तिसरे सदस्य, जे तोवर पेन्सिलीला टोक करीत होते, म्हणाले, "आपण एक गोष्ट विसरतोय. एकाहत्तरच्या माणसाला एकेचाळीसच्या समाजात सोडायचं म्हणजे त्याचं काय होईल? महिनाभर टिकेल का तो?"

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. हा मानवतावादी मुद्दा इतकी वर्षे कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. बाई चाचरत म्हणाल्या, "पण साहेब, ह्याचा अर्थ तो सुधारलाय, असा नाही का होत?"

"सुधारलाच आहे," अधीक्षक म्हणाले. "प्रश्न तो नाही. प्रश्न पुनर्वसनाचा आहे."

ठराव एकमताने झाला. निवाशाला समाजात परत पाठवायचे तर तो समाजासारखा करूनच पाठवला पाहिजे. काटेवाल्याचे तीस गुण उतरवायचे, पण बेताने. चाळीसच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, कारण तिथून गुन्हेगारी सुरू होते. ह्या अभ्यासक्रमाला 'समाजानुकूलन वर्ग' असे नाव मिळाले. शिकवायला अनुभवी माणसे हवीत म्हणून त्याच बारा प्रमाण नागरिकांना बोलावले. मानधन नसतानाही बहुतेकांनी होकार कळवला. (तिघे प्रत्यक्षात आले.)

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला, शिवणकामाच्या खोलीत भरे. मुख्याध्यापिका 'आपली चूक दुसऱ्याच्या विसराळूपणात बसवणे' हा विषय घेत. डॉक्टरांचा 'वेळ आणि आश्वासन' हा तास ठरलेला होता आणि तो कधीही वेळेवर सुरू झाला नाही, त्यामुळे विषय न शिकवताच समजे. मनात नसलेले कौतुक चष्मेवाले शिकवत. बाईंच्या नवऱ्याला ह्या कामात भलताच रस आला. तो घरून आरसा घेऊन येई.

काटेवाला अभ्यासात कच्चा निघाला. आठवड्याने प्रात्यक्षिक झाले. अधीक्षक नवा शर्ट घालून आले, आणि त्याचे कौतुक कर, असे त्याला सांगितले. त्याने अधीक्षकांना समोरून पाहिले, बाजूने पाहिले, आणि म्हणाला, "खांद्यात दोन बोटं सैल आहे. पण कापड टिकेल." एवढ्या दडपणाखाली खरे बोलल्याबद्दल पत्रकानुसार एक गुण द्यावाच लागला. बहात्तर झाले.

"मुद्दाम करतोय तो," चष्मेवाले घरी येऊन म्हणाले.

"मुद्दाम नाही करत," बाई म्हणाल्या. "त्याला तसंच दिसतं."

महिना झाला. बहात्तरवरून काटा हलेना. अधीक्षक चिंतेत पडले, कारण उपक्रमाचा पहिला लाभार्थीच सुधारणेकडून मागे यायला तयार नव्हता. शेवटी, घरच्या माणसाचा उपयोग होईल, असे म्हणून त्यांनी बायकोला दर गुरुवारी यायची परवानगी दिली.

त्यापूर्वीचे तीन गुरुवार बायको आली नव्हती. काम फार आहे, असा निरोप होता. चौथ्या गुरुवारी ती आली, जाळीसमोर बसली आणि पदराने कपाळ टिपले. काटेवाला तिच्याकडे बघत राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर वजनात काम केले त्याला बघायला काटा लागत नाही. साडेतीन किलोंनी उतरली होती, फार तर चार. डोळ्यांत पिवळट झाक. मनगटातली बांगडी कोपराकडे घसरत होती.

"काय झालं होतं?" त्याने विचारले.

"कुठं काय? शाळा सुरू झाल्यात ना. दप्तरांचा ढीग पडलाय. जेवायला फुरसत नाही." ती हसली. "मी मजेत आहे."

कोपऱ्यात गुणबाईंनी मान वर केली. बाईंना आपल्या चुलतसासूची कावीळ आठवली. अगदी हाच रंग होता. आता हा म्हणणार, मजेत नाहीस, चार किलोंनी उतरलीस, असे त्यांना वाटले, आणि का कोण जाणे, त्यांनी लेखणी खाली ठेवली.

काटेवाल्याने नेहमीसारखे छताकडे पाहिले. मग म्हणाला, "चांगली दिसतेस."

"खरंच?"

"हो. तुकतुकी आलीय चेहऱ्यावर."

बायकोने खाली पाहिले आणि बांगडी उगीचच मागे सारली. मनात नसलेले कौतुक, एकदा. जाणूनबुजून असत्य, एकदा. बाईंनी लेखणी उचलून दोन्ही रकान्यांत खूण केली. त्यांना ती जरा हळू करावी लागली.

पुढच्या गुरुवारी बायकोने विचारले, जेवण कसे असते. तो म्हणाला, घरच्यासारखे. झोप लागते का? पडल्या पडल्या लागते. माझी आठवण येते का? "कामात कुठं वेळ मिळतो," तो म्हणाला आणि टेबलावरची न दिसणारी धूळ पुसली. बायकोही कमी नव्हती. नवे गिऱ्हाईक मिळालेय म्हणाली, शेजारीण रोज डबा देते म्हणाली, छप्पर गळायचे थांबले म्हणाली. दोघे तासभर जाळीच्या अलीकडून आणि पलीकडून एकमेकांना धडधडीत फसवत बसत आणि उठताना दोघांचेही चेहरे उजळलेले असत. बाईंच्या वहीचे पान पुरेना.

पत्रकात ह्या प्रकारासाठी वेगळा रकाना नव्हता. नियमावली करताना तो सुचवला गेला होता असे म्हणतात, पण कागदाच्या रुंदीत बसला नाही. त्यामुळे सगळे असत्यातच धरावे लागले. पाच गुरुवारांत एकतीस गुण गेले. पाचव्या गुरुवारी काटेवाला बरोबर एकेचाळीसवर आला, आणि बाईंनी बेरीज तीनदा तपासून अधीक्षकांना सांगितले की निवासी समाजात जाण्यास योग्य झाला आहे.

अधीक्षकांनी वर्गाच्या शिक्षकांचा सत्कार केला. चष्मेवाल्यांनी भाषणात सांगितले की विद्यार्थ्यात मुळातच गुण होते. आपण फक्त ते कमी केले. घरी जाताना त्यांनी बाईंना विचारले, "भाषण कसं झालं?"

"छान झालं," बाई म्हणाल्या. तो सबंध रस्ताभर खूश होता. बाईंनी मनातल्या मनात खूण करायला बोट उचलले आणि परत मिटले.

काटेवाला सुटला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांकडे गेला. त्रेचाळीसही दुकानदारांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले, खुर्ची दिली, आणि मधल्या काळात काटा थोडा खऱ्याकडे सरकलाय, जरा पूर्वीसारखा करून दे, म्हणाले. एकेचाळीस गुणांच्या माणसाने हे ऐकायला हरकत नव्हती. पण काट्यापुढे बसला की त्याचा हात वळेना. बायकोशी बोललेले वेगळे आणि काटा वेगळा, एवढेच त्याला सांगता आले. त्याने त्रेचाळीस काटे आतून पुसून, तेलपाणी करून शून्यावर आणून ठेवले. दुकानदारांनी महिनाभराने पाहिले, तर सगळे खरे. तोवर वजनमाप निरीक्षकांचा शिक्काही त्यावर बसला होता, त्यामुळे हात लावायची सोय राहिली नाही.

समाजातून प्रतिक्रिया उमटायला वेळ लागला नाही. काटा खोटा होता तेव्हा दुकानदार मन मोठे करून वरून एक मूठ टाकीत असत. काटा खरा झाल्यावर मूठ बंद झाली. पूर्वी मुठीसकट नऊशे साठ ग्रॅम घेऊन लोक समाधानाने घरी जात. आता हजार ग्रॅम घेऊन ते फसवल्यासारखे तोंड करून जाऊ लागले. ह्या माणसाला इतक्या लवकर सोडलेच कसे, अशी तक्रार एकसष्ट नागरिकांच्या सह्यांनी सुधारगृहात आली. त्यात सहा सह्या एकाच हस्ताक्षरात होत्या.

अधीक्षकांनी कायदेशीर सल्ला घेऊन उत्तर दिले की, तक्रारीची दखल घेण्यापूर्वी तक्रारदाराचे स्वतःचे गुण कळणे आवश्यक आहे. म्हणून फाटकाजवळ एक खिडकी उघडण्यात आली. कोणीही यावे, पत्रक भरावे, दहा मिनिटांत आपले गुण घेऊन जावे. ह्या खिडकीवर गुणबाईंची नेमणूक झाली.

पहिल्या महिन्यात खिडकीवर एक माणूस आला. तो काटेवाला होता. नोंदवहीत येण्याचे कारण त्याने 'चौकशी' असे लिहिले. खरे तर बायकोची तब्येत आता भरून आली आहे, साडेचार किलोंनी वाढली आहे, हे बाईंना सांगावे म्हणून तो आला होता. ते सांगून झाल्यावर जरा रेंगाळला.

"बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मजेत आहे," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. "दिसतंयच," म्हणाला आणि निघून गेला. बाईंनी दोघांचेही दोन-दोन गुण वजा केले आणि मग बराच वेळ तिथूनही दिसणाऱ्या घोंगड्यांकडे बघत बसल्या. त्या दिवशी त्यांना बरे वाटत होते, जवळजवळ अखंड.

दुसऱ्या महिन्यात कोणीच आले नाही. खिडकी बंद करावी लागणार, असे दिसू लागले. तेव्हा जनतेच्या सोयीसाठी अधीक्षकांनी शेजारी दुसरी खिडकी उघडली, जिथे साध्या अर्जावर, स्वतःचे नाव गुप्त ठेवून, आपल्या ओळखीच्या कोणाचेही गुण मोजून मागता येतात. पहिल्याच दिवशी रांग फाटकाबाहेर गेली. आता ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाला वळसा घालून जाते. अर्जदार शांत आणि शिस्तबद्ध असतात. एकमेकांना जागा धरून देतात, पेन देतात. आतापर्यंत चार हजारांवर अर्ज आले आहेत आणि त्यांत भाऊ, जाऊ, साहेब, घरमालक, व्याही आणि वर राहणारे अशा सर्व थरांतल्या लोकांना प्रतिनिधित्व मिळाले आहे.

गर्दीमुळे विभागाने एक नम्र विनंती केली आहे. ही हकिगत वाचताना ज्यांच्या डोळ्यांपुढे कोणीतरी ओळखीचा माणूस उभा राहिला असेल, त्यांनी कृपया त्याचे नाव स्वच्छ अक्षरात लिहून पोस्टाने पाठवावे, स्वतः येऊ नये. तो माणूस आपण स्वतः नव्हतो, हे वेगळे लिहिण्याची गरज नाही. तेवढे छापील अर्जात आधीच भरलेले असते.